साचे थंड, मत लिंकनला

८ नोव्हेंबर १८६४ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकाशायरच्या कापड गिरण्यांची दैना चौथ्या वर्षात शिरली होती. रॉचडेल, स्टॅलीब्रिज, प्रेस्टन अशी ती गावं. तिथल्या विणकराला अमेरिकेत मत असण्याचा प्रश्नच नव्हता, पण बहुतेकांना स्वतःच्या देशातही ते नव्हतं. तरीही त्या निवडणुकीबद्दल त्याचं म्हणणं काय होतं, हे मला लंडनच्या मंत्र्यांच्या मतापेक्षा मोलाचं वाटतं. मी परळची, गिरणी कामगाराची मुलगी. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १९८२च्या संपात भोंगा बंद झाल्यावर चाळीतल्या खोलीतून आधी पितळेची भांडी जातात, मग बाईच्या गळ्यातलं जातं, आणि दुकानदाराची वही मिटली की गावाकडची एसटी धरावी लागते, हे मी पाहिलं आहे. त्यामुळे लँकाशायरचा ‘कापसाचा दुष्काळ’ मला परका वाटत नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसातला सुमारे चार पंचमांश अमेरिकेच्या दक्षिणेतून येई आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. १८६१ साली दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. अध्यक्ष लिंकनने त्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेनेही सुरुवातीला आपणहून कापूस रोखून धरला, कारण गिरण्या बंद पडल्या की इंग्लंड झक्कत आपल्या बाजूने उतरेल असा त्यांचा हिशेब होता. १८६२च्या हिवाळ्यात लँकाशायर आणि आसपासच्या मुलखात पाच लाखांच्या घरात माणसं धर्मादाय मदतीवर जगत होती. मुंबईहून जाणारा ‘सुरती’ कापूस मिळायचा, पण त्याचा धागा आखूड, त्यात कचरा फार. तो पुन्हापुन्हा तुटायचा, कामगाराचा हात चालेना आणि कामावर पैसे असल्यामुळे मजुरी बुडायची. तुटक्या धाग्यावर दिवस घालवून घरी आलेला माणूस कसा दिसतो, हे साचेखात्यातल्या कुणालाही विचारावं.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात, ३१ डिसेंबर १८६२ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिथून लिंकनला पत्र गेलं. गुलामगिरी मोडण्याच्या कामात आम्ही तुमच्या बाजूचे आहोत, असा त्याचा आशय. दुसऱ्या दिवसापासून लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता. १९ जानेवारीला लिंकनने उत्तर लिहिलं. या युद्धापायी तुमच्यावर काय ओढवलं आहे ते मला ठाऊक आहे, असं त्याने त्यात मोकळेपणी मान्य केलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कहून ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ नावाचं जहाज कामगारांसाठी पिठाची पिंपं घेऊन लिव्हरपूलला निघालं. त्यातलं एक पिंप आजही रॉचडेलच्या संग्रहात आहे. मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर त्याच्या पत्रातला मजकूर कोरलेला आहे.

पण सगळं लँकाशायर एकदिलाने लिंकनच्या मागे होतं असं सांगणं म्हणजे त्या माणसांना देव्हाऱ्यात बसवणं. दक्षिणेला मान्यता द्या, कापूस सुटू द्या, असे ठरावही त्याच मुलखातल्या सभांतून झाले. मार्च १८६३मध्ये स्टॅलीब्रिजला मदतीच्या रकमेवरून दंगल पेटली, सैन्य आणावं लागलं. लिव्हरपूल तर उघडउघड दक्षिणेचं. दक्षिणेसाठी लढलेली ‘अलाबामा’ ही युद्धनौका समोरच्या बर्कनहेडच्या गोदीत बांधलेली. निवडणुकीच्या आदल्या महिन्यात लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये दक्षिणेच्या युद्धकैद्यांसाठी मोठा बाजार भरवून पैसा गोळा केला गेला. भुकेल्या माणसाने भाकरीच्या बाजूने बोलणं यात काही गैर नाही. म्हणूनच जे तसं बोलले नाहीत त्यांची नोंद ठेवावीशी वाटते.

१८६४च्या उन्हाळ्यात लिंकनला स्वतःलाच आपण हरणार असं वाटत होतं. २३ ऑगस्टला त्याने तसं एका कागदावर लिहिलं, घडी घातली आणि मंत्र्यांना न वाचताच मागे सह्या करायला लावल्या. समोर उभा होता जॉर्ज मॅक्लेलन, लिंकननेच पदावरून दूर केलेला सेनापती. त्याच्या पक्षाचा जाहीरनामा म्हणत होता की युद्ध फसलं, आता शस्त्रसंधी करा. अशा वेळी रॉचडेलचा गिरणीमालक आणि खासदार जॉन ब्राइट याने अमेरिकन संपादक होरेस ग्रीली यांना पत्र लिहून लिंकन पुन्हा निवडून यावा अशी इच्छा कळवली. ते पत्र छापलं गेलं. पुढे लिंकनचा खून झाला त्या रात्री त्याच्या पाकिटात दक्षिणेची पाच डॉलरची नोट आणि वर्तमानपत्रांची काही कात्रणं निघाली. त्यातलं एक ब्राइटच्या या मताचं होतं. एवढं मोठं युद्ध चालवणारा माणूस सातासमुद्रापलीकडच्या एका शब्दाचा कागद खिशात बाळगतो, हे वाचून मला भरून आलं होतं.

२ सप्टेंबरला दक्षिणेचं अटलांटा शहर पडलं आणि वारं फिरलं. लिंकनला निर्वाचकांची २१२ मतं मिळाली, मॅक्लेलनला २१. अटलांटिकखालची तार तेव्हा बंद होती, म्हणून निकाल आगबोटीने आला. लंडनच्या वजनदार पत्रांना तो मुळीच रुचला नाही. ३ डिसेंबरच्या ‘पंच’ या व्यंगसाप्ताहिकात जॉन टेनिएलने लिंकनला फिनिक्स पक्षी करून काढला, आणि त्याच्याखाली राज्यघटना, वृत्तपत्रस्वातंत्र्य वगैरे लाकडं जळताना दाखवली. या रागामागे अमेरिकेपेक्षा इंग्लंडच जास्त होतं, असं मला वाटतं. मतदारांचं प्रजासत्ताक युद्धातही टिकलं, भर लढाईत निवडणूक घेऊ शकलं, तर मग इथल्या कामगाराला मत का नाही, हा प्रश्न दारात येणार होता. तो आलाच. १८६७च्या कायद्याने शहरातल्या पुष्कळ कामगारांना मत मिळालं. लिंकन गेल्यावर ‘पंच’ने कवितेतून माफी मागितली. ती लिहिली टॉम टेलरने, आणि लिंकनवर गोळी झाडली गेली तेव्हा तो पाहत होता ते नाटकही याच टेलरचं.

लंडनमध्ये सप्टेंबर १८६४च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली होती. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे लिंकनचं अभिनंदन. मजकूर कार्ल मार्क्सने लिहिला. सह्या करणाऱ्यांत जॉर्ज ऑजर हा चांभार होता, रँडल क्रीमर हा सुतार. लंडनमधले अमेरिकन राजदूत चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यांनी २८ जानेवारी १८६५ला अध्यक्षांच्या वतीने उत्तर दिलं. प्रतिष्ठितांच्या दुसऱ्या एका संस्थेला मिळालेल्या कोरड्या पोचेपेक्षा आपलं उत्तर जिव्हाळ्याचं आहे, याचा मार्क्सला आनंद झाला आणि त्याने तो एंगेल्सला कळवला.

फ्रान्समध्ये तिसरा नेपोलियन मेक्सिकोच्या गादीवर आपला माणूस बसवून दक्षिणेकडे डोळे लावून होता. तिथल्या सामान्यांनी लिंकनच्या मृत्यूनंतर दोन-दोन सूंची चिल्लर वर्गणी काढून त्याच्या पत्नीसाठी सोन्याचं पदक केलं. सरकारने आडकाठी केली, म्हणून ते स्वित्झर्लंडमध्ये पाडून घ्यावं लागलं.

आता मुंबई. लँकाशायरला जो दुष्काळ, तो मुंबईला सुकाळ. वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६४च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. बँका आणि समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. निवडणुकीच्या आधीच्याच महिन्यात प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. तोच आपला राजाबाई टॉवर. त्या बाजाराला व्हाइट हाउसमध्ये कोण बसतो याच्याशी कर्तव्य नव्हतं, लढाई किती दिवस चालते एवढंच पाहायचं होतं. शांततेची कुणकुण लागली की लिव्हरपूलचा भाव घसरे आणि इथे पोटात गोळा येई. ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचा सेनापती ली याने शस्त्रं ठेवली आणि १ जुलैच्या व्यवहारपूर्तीच्या दिवशी मुंबईचे सावकार धडाधड कोसळले. लाखो माणसांच्या बेड्या तुटल्याची बातमी आमच्या शहराने बुडीत खात्याची म्हणून ऐकली. याची मला खंत आहे.

ती बातमी दुसऱ्या कानाने ऐकणारा माणूस पुण्यात होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी त्यात लिहिली. मँचेस्टरच्या विणकरांशी त्यांचा परिचय नव्हता. पण दोघांनीही त्या दूरच्या लढ्यात स्वतःचं गाऱ्हाणं ओळखलं होतं.

त्याच वर्षी जोतीरावांचा सत्यशोधक समाज निघाला, आणि त्याचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणगावात उतरले. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं.