व्हिंटेज: द्राक्षमळ्यातून चोर बाजारात

मुंबईच्या चोर बाजारात ग्रामोफोन, पितळी दिवे आणि जुन्या सिनेमांची पोस्टरं धुंडाळताना एक शब्द हमखास कानावर पडतो: ‘व्हिंटेज’. त्याचं मूळ मात्र द्राक्षमळ्यात आहे. लॅटिनमध्ये ‘विनम’ म्हणजे वाइन आणि ‘देमेरे’ म्हणजे काढून घेणं. त्यांवरून झाला ‘विन्देमिया’, म्हणजे द्राक्षतोडणी. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत शिरला. आधी अर्थ होता द्राक्षांचा हंगाम, मग त्या सालची वाइन, पुढे नावाजलेल्या सालची वाइन आणि अखेर आपल्या काळाची खूण मिरवणारी कोणतीही जुनी चीज. ब्रिटनमधले मोटारशौकीन तर साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणतात.

बाजारातला दुसरा शब्द ‘अँटिक’ आला लॅटिन ‘अँटिक्वस’वरून, अर्थ प्राचीन. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं पुरावस्तूला सर्वसाधारणपणे किमान १०० वर्षांची अट घातली, महत्त्वाच्या हस्तलिखितांना ७५. पण हौसेला कायद्याची व्याख्या लागत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या जमवल्या आणि त्यातून संग्रहालय उभं राहिलं.

तेव्हा दुकानदार ‘अँटिक’ म्हणाला तर वय विचारा, ‘व्हिंटेज’ म्हणाला तर साल. मग खुशाल घासाघीस करा.