चुलीचा धूर, चुलीचीच राख : गोदाकाठच्या गोधडीचा इतिहास

१/
साबण घरोघरी पोहोचण्यापूर्वी गोधडीत मुरलेला धुराचा वास कसा काढला जात असे? प्रश्न किरकोळ वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधू लागले की रसायन, जात आणि स्त्रियांचे श्रम असे तीन धागे हाती येतात. नाशिकच्या संदर्भात हे तिन्ही धागे पाहू.

२/
गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेले पांघरूण. चूल आणि निजण्याची जागा बहुधा एकाच छपराखाली असे. पावसाळ्यात ओले सरपण व दमट गोवऱ्या अर्धवट जळत, त्यामुळे धूर वाढे. ऊन नसल्याने जाड गोधडी धुऊन वाळवणेही शक्य नसे. परिणामी चार महिन्यांचा धूर सुती थरांत साठत राही.

३/
पाऊस ओसरला की घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतले जाई. या साफसफाईला आजही ‘दसरा काढणे’ म्हणतात. रीत धार्मिक खरी. पण वाहते पाणी आणि कडक ऊन एकाच वेळी मिळण्याचा हाच काळ होता, हेही ध्यानात घ्यावे.

४/
धुतले कशाने? चुलीतल्याच राखेने. राख पाण्यात भिजवून वरचे निवळलेले पाणी वापरीत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणून हे पाणी अल्कधर्मी होते. धुराचा वास देणारी फिनॉल वर्गातील द्रव्ये सौम्य आम्लधर्मी असतात. अल्काशी संयोग झाला की त्यांचे पाण्यात विरघळणारे क्षार बनतात आणि धुण्याबरोबर निघून जातात. चिकट काजळी मात्र आपटून, चोळूनच काढावी लागे. उरलासुरला वास ऊन आणि वारा घालवीत.

५/
कापडाप्रमाणे धुण्याचे द्रव्य बदलावे, हे ज्ञान जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर यांसाठी खारी माती, केसाळ कांबळ्यांसाठी रिठा, तर क्षौम म्हणजे जवसाच्या तागाच्या वस्त्रांसाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. ग्रंथात नियम नोंदला गेला. हात कोणाचे राबत होते, याची नोंद तेथे नाही.

६/
हेच मौन नाशिकच्या पांडवलेण्यांतही आढळते. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी व्यवस्था होती. दहाव्या लेण्यातील लेखात दाता, विणकर, भिक्षू आणि व्याजाचा दर हे सारे आहे. चीवर धुणारा नाही.

७/
भिक्षूचे चीवरही तुकडे जोडून शिवलेले असे. गोधडीशी त्याचे नाते स्पष्ट आहे. विनयपिटकात एक बोलका नियम सापडतो : नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून भिक्षूने आपले जुने चीवर धुऊन, रंगवून वा आपटून घेऊ नये. असा नियम करावा लागला, याचा अर्थ संघातही हे काम स्त्रियांच्या वाट्याला जात होते.

८/
गावगाड्यात धुण्याचे काम बारा बलुतेदारांपैकी परिटाकडे होते. खार लावून भट्टीच्या वाफेवर कपडे उकडण्याचे कसब त्याचे. प्रतिष्ठा मात्र त्याला मिळाली नाही. याच समाजात १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगे महाराज, जन्मले. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून ते हाती खराटा घेत आणि गावे झाडीत. गोदाकाठी नाशिकला येणाऱ्या गोरगरीब यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभारली. ज्या कामाला समाजाने हीन लेखले, तेच त्यांनी लोकशिक्षणाचे साधन केले.

९/
पुढे वडीचा साबण आला, मग धुण्याची पावडर. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस अनेक गरीब घरांत प्रथमच पोहोचला. तरीही सिलिंडर परवडत नाही तेथे चूल पेटतेच.

१०/
गोधडीतला धूर राखेच्या पाण्याने निघत असे. ती शिवणाऱ्या, धुणाऱ्या आणि चुलीपुढे बसून तोच धूर श्वासात घेणाऱ्या बाईच्या छातीतला धूर कशानेही निघत नसे. संग्रहालयात जुनी गोधडी पाहताना टाक्यांचे कौतुक जरूर करावे. पण ती वर्षानुवर्षे कोणी धुतली, हा प्रश्नही विचारावा. त्याचे उत्तर शिलालेखात नाही. ते शोधायचे तर आपापल्या घरातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी वेळीच लिहून ठेवायला हव्यात.