कोपरावरचे ठिगळ

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली जाते आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर माझा ट्वीडचा कोट बाहेर येतो. १९८६ च्या हिवाळ्यात अभ्यासासाठी काही महिने इंग्लंडात होतो, तेव्हा जुन्या कपड्यांच्या दुकानातून तो घेतला होता. मूळ रंग तपकिरी, पण जवळून पाहिले तर त्यात वाळल्या गवताचे, गंजलेल्या लोखंडाचे, शेवाळाचे असे सगळे रंग दिसतात. दोन्ही कोपरांवर चामड्याचे लंबगोल तुकडे शिवलेले आहेत. पुण्यात हा कोट वर्षातून एखाद्या वेळी, सवाई गंधर्वला जाताना, अंगावर चढतो. जन्मभर मी इतिहास शिकवला आणि जुन्या कागदांची चौकशी केली. या कोटाची मात्र निवृत्तीनंतरच केली. माझे वडील साताऱ्याला शिंपीकाम करीत. ही चौकशी खरे तर त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नापासून सुरू झाली होती. पण तो प्रश्न शेवटी सांगतो.

इंग्रज प्राध्यापकाचा हिवाळी वेष आपल्याला चित्रपटांतून पाठ झाला आहे. ट्वीडचा कोट, आत हाताने विणलेला स्वेटर, लोकरी टाय, राखाडी फ्लॅनेलची किंवा कॉर्डरॉयची विजार, जाड तळव्याचे तपकिरी बूट. वकिलाचा काळा कोट कचेरी सुटली की खुंटीला जातो. प्राध्यापकाचे तसे नाही. ज्या कोटात तो सकाळी व्याख्यान देतो, त्याच कोटात संध्याकाळी नदीकाठी फिरायला जातो आणि रात्री शेकोटीजवळ मित्रांसमवेत बसतो. कामाचा आणि फुरसतीचा कपडा एकच कसा झाला, हे शोधू लागलो तेव्हा धागा थेट स्कॉटलंडच्या वायव्येकडील बेटांपर्यंत गेला.

आउटर हेब्रिडीज या बेटांवरचे गरीब शेतकरी आपल्या मेंढ्यांची लोकर घरीच कातत, खडकावरच्या दगडफुलासारख्या वाढीपासून तांबूस तपकिरी रंग काढत आणि घरच्या मागावर कापड विणत. विणलेले ओले कापड साठवलेल्या मूत्रात भिजवून बायका फळीभोवती बसून बडवत, म्हणजे ते दाट होई. आणि बडवताना तालावर गाणी म्हणत. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कापडही ओळखीचेच वाटते: जाड, खरखरीत, रिमझिम पाऊस अंगाशी येऊ न देणारे. आपली घोंगडीच म्हणा ना.

फरक पुढे पडला. १८४० च्या दशकात हॅरिस बेटाच्या जमीनदार घराण्यातील लेडी डनमोर यांनी हे कापड आपल्या बरोबरीच्या श्रीमंत मंडळींत नेले. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५२ मध्ये स्कॉटलंडमधील बाल्मोरलची मालमत्ता घेतली, तेव्हापासून तर तिथे शिकारीला जाणे ही उमरावांची रीतच झाली. डोंगरउताराच्या रंगात मिसळून जाणारे ट्वीड शिकारीला सोयीचे होते. बंदूक उचलताना खांदा अडू नये म्हणून पाठीला चुण्या घातलेला, कमरेला पट्टा असलेला नॉरफोक कोट याच काळातला. गुराख्याचे कापड असे मालकाच्या फुरसतीचे कापड झाले. आपल्या घोंगडीला कुणी लेडी डनमोर भेटली नाही. ती धनगराच्या खांद्यावरच राहिली.

मात्र शहरात, कामाच्या ठिकाणी, हे कापड चालत नसे. तिथे काळा किंवा गडद राखाडी रंग. विद्यापीठातही तसेच होते, कारण ऑक्सफर्ड-केंब्रिजचे बरेचसे अध्यापक धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेले असत आणि फेलोला सहसा अविवाहित राहावे लागे. १८७१ च्या कायद्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम या विद्यापीठांतील बहुतेक पदांसाठीची धर्ममताची अट गेली. पुढच्या दशकभरात लग्नाची बंदीही सैल झाली. मठासारखी वस्ती हळूहळू संसारी माणसांच्या नोकरीची जागा बनली, आणि पाद्र्याच्या काळ्या कोटाची सक्ती करणारे कारणच उरले नाही. दगडी इमारती मात्र पूर्वीइतक्याच थंड होत्या. मोठ्या खोलीत कोळशाची एक शेगडी. पुढून ऊब, पाठीमागून गारवा. अशा खोलीत जाड लोकरी कोट हा शोभेचा भाग नव्हता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सी. एस. लुईस आणि जे. आर. आर. टोल्किन ऑक्सफर्डमध्ये शिकवत होते. गुरुवारी रात्री लुईस यांच्या मॉडलिन कॉलेजातील खोलीत मित्र जमत आणि आपले लेखन एकमेकांना वाचून दाखवत. लुईस यांचे चुरगळलेले कोट आणि ढगळ विजारी तिथे सर्वांच्या परिचयाच्या होत्या.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपन मिळाली. पुढे ती संख्या घटली. पुरुषाच्या कोटाला १३, विजारीला ८, वेस्टकोट किंवा स्वेटरला ५, बुटांच्या जोडीला ७ कूपन लागत. म्हणजे तीन कपड्यांचा एक सूट शिवला की २६ कूपन संपली. मजूर घालत त्या कॉर्डरॉयच्या विजारीला मात्र ८ ऐवजी ५ कूपन पुरत. कॉर्डरॉय आवडणाऱ्यांना हा हिशेब सोयीचाच होता. १९४३ मध्ये सरकारने रफू आणि ठिगळाचे धडे देणारी 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढली. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १९४७ चा हिवाळा अत्यंत कडक गेला. कोळसा अपुरा, विजेची कपात. कपड्यांचे रेशन उठले ते मार्च १९४९ मध्ये. टेबलावर टेकून टेकून विरलेल्या कोपराला चामडे लावून कोट आणखी काही वर्षे चालवणे ही त्या पिढीची गरज होती.

गरज संपल्यावर चामडे निघून जायला हवे होते. ते राहिले, एवढेच नव्हे तर नव्या कोटांवरही येऊ लागले. कारण आता त्याचा अर्थ बदलला होता. ठिगळ सांगू लागले, की हा माणूस पुस्तकांत बुडालेला आहे, याला कपड्यांकडे पाहायला वेळ नाही. पण असे सांगणे सर्वांनाच परवडते का?

याच इंग्लंडात, लुईस-टोल्किन यांच्या थोडे आधी, आपल्याकडचा एक अध्यापक विद्यार्थी म्हणून हिवाळे काढून गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२० मध्ये साठवलेले पैसे आणि मित्राकडून घेतलेले कर्ज घेऊन ते अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला परतले, अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस वाचत बसले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. पुढच्या काळातली त्यांची छायाचित्रे पाहावीत. मुंबईच्या उकाड्यातही सूट, टाय, सगळे नीटनेटके. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले, की ज्या पेहरावावरून तुमची जात ओळखली जाते तो टाका, पायघोळ लुगडे नेसा. ज्यांनी काय नेसावे हे पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्यासाठी कपडा ही किरकोळ बाब नव्हती.

ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाची विद्वत्ता तो दारात येण्याआधीच मान्य झालेली असे. त्याचा चुरगळलेला कोट त्या मान्यतेतून कापलेला होता. ज्याच्या हातचे पाणीही चालत नव्हते, त्याला विस्कटलेले राहण्याची मोकळीक नव्हती. या दोन अध्यापकांमधले अंतर मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्यांच्या कोटांतून अधिक स्पष्ट दिसले.

आता वडिलांचा प्रश्न. १९८७ मध्ये परत आलो तेव्हा हा कोट त्यांना कौतुकाने दाखवला. त्यांनी तो उलटा केला, अस्तर चाचपले, काजे पाहिली, "हात चांगला आहे" म्हणाले. मग ब्लेडने एका कोपरावरच्या चामड्याची शिवण अलगद उसवली. खालचे कापड शाबूत होते. आजूबाजूपेक्षा रंगाने गडद, नव्यासारखे.

"फाटलेलंच नाही," ते म्हणाले. "मग ठिगळ कशाला?"

"अण्णा, तिकडचे प्राध्यापक असंच घालतात."

"त्यांचं चालत असेल. तू हे घालून वर्गात जाऊ नकोस. पोरं म्हणतील, शिंप्याचा पोरगा ठिगळ लावून आला."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी तो तुकडा जुन्या भोकांतूनच पुन्हा शिवून दिला. आज कुठले कोपर उसवले होते ते मलाही ओळखता येत नाही.

त्या कोटात मी एकदाही शिकवले नाही. इतकी वर्षे वर्गात गेलो तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि ही माझी आवड आहे असे समजत राहिलो.