कोलेट क्लोजरचा शोध : एका रूढ मताचे खंडन

इस्लामपूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसपासच्या साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, अशा अनेक टर्नर मंडळींच्या घरामागे पत्र्याची शेड असते आणि शेडमध्ये एखादा साडेचार फुटी लेथ. या मंडळींत एक मत पक्के रुजलेले आहे. घरच्या लेथवर कोलेट वापरायचा, तर आधी लिव्हरचा कोलेट क्लोजर मिळवला पाहिजे; तोही तयार, कंपनीचा. तो मिळत नसेल तर कोलेटचा नाद सोडावा आणि थ्री-जॉ चकवर भागवावे. हे मत अनुभवी हातांचे आहे, म्हणून ते आदराने ऐकले पाहिजे. ते चूक आहे, म्हणून खोडलेही पाहिजे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. लिव्हरचा क्लोजर असला की स्पिंडल न थांबवता कोलेट उघडतो, बार पुढे सरकतो, कोलेट पुन्हा आवळतो. किल्ली लावणे नाही, थांबणे नाही. पकड दर वेळी सारखी. बार स्पिंडलमधून आरपार जातो. फाइव्ह-सी जातीच्या कोलेटात गोल, चौकोनी, षट्कोनी असे सगळे आकार मिळतात. हवे तसे पोखरून घ्यायचे मऊ कोलेटही मिळतात. उलट ई-आर कोलेट हा मुळात मिलिंगचे कटर धरण्यासाठी निघालेला, त्याचा नट दर वेळी किल्लीने आवळावा लागतो. आणि घरी केलेली बैठक कारखान्यात ग्राइंड केलेल्या बैठकीची बरोबरी कशी करणार? यातले एकही विधान हास्यास्पद नाही. काही तर निखालस खरी आहेत.

पण हे मत आले कुठून? बहुतेकांनी कोलेट पहिल्यांदा पाहिला तो ट्रॉब या स्वयंचलित लेथवर. ए-25, ए-42, ए-60 या नावांतले आकडेच सांगतात की ते यंत्र किती मिलिमीटरचा बार घेते. तिथे कोलेट आवळणारी यंत्रणा मूळ रचनेतच आहे; हजारो नग काढणे हेच त्या यंत्राचे काम. तिथली गरज उचलून घरच्या शेडमध्ये आणली, इथेच घोटाळा झाला. शेडमध्ये किती नग निघतात? पंपाच्या दोन बुश, चार पिना, फार तर दहा स्पेसर. दहा नगांत वाचणारी मिनिटे मोजा आणि क्लोजर शोधण्यात गेलेली वर्षे मोजा. हिशेब वाचकांनीच करावा.

आता मुख्य मुद्दा. क्लोजर अचूकता देतो, अशी समजूत आहे. तो वेग देतो आणि ओढ देतो. अचूकता दोनच ठिकाणांहून येते : कोलेट स्वतः आणि तो ज्या शंक्वाकार बैठकीत बसतो ती बैठक. किंबहुना मागे ओढून आवळण्याच्या पद्धतीत एक दोष अंगभूतच आहे. फाइव्ह-सी कोलेटचा उतार अक्षाशी 10 अंशांचा. 16 मिमीचा ब्राइट बार एच-11 दर्जाचा असेल, तर तो 0.11 मिमीपर्यंत बारीक भरला तरी नियमात बसतो. म्हणजे त्रिज्येत 0.055 मिमी. तेवढी पोकळी भरून काढायला कोलेट सुमारे 0.31 मिमी मागे सरकतो आणि जॉबलाही सोबत नेतो. लांबी चुकली! लिव्हर कंपनीचा असो वा सोन्याचा, त्रिकोणमिती बदलत नाही. ट्रॉबच्या रचनेत कोलेट जागेवरच राहतो आणि त्याच्यावरची स्लीव्ह सरकते, ती याच कारणाने. म्हणजे ट्रॉबचा दाखला देणाऱ्यांच्या बाजूने खुद्द ट्रॉबच साक्ष देत नाही.

दुसरे, 'मिळवणे' म्हणजे नेमके काय मिळवणे? क्लोजर ही सुटी वस्तू नव्हेच. ड्रॉ-ट्यूबची लांबी हेडस्टॉकच्या लांबीवर ठरते, जाडी स्पिंडलच्या छिद्रावर. लिव्हरचा ब्रॅकेट हेडस्टॉकच्या मागच्या बाजूला बसतो, जिथे बऱ्याच लेथवर गिअरचे झाकण असते. राजकोटचा लेथ वेगळा, बटाल्याचा वेगळा. दुसऱ्याच्या लेथवरून उतरलेला क्लोजर भंगारात सापडला, तरी तो तुमच्या लेथला कसा लागावा? दुसऱ्याच्या दातांची कवळी आपल्या तोंडात बसत नाही.

त्यातही साधे माप न घेता शोध सुरू होतो, याचे मला नवल वाटते. फाइव्ह-सी कोलेटचे अंग 31.75 मिमी व्यासाचे. मोर्स टेपर 4 चा मोठा तोंडव्यास 31.267 मिमी. म्हणजे ज्यांच्या स्पिंडलला मोर्स 4 आहे, त्यांच्या टेपरमध्ये फाइव्ह-सी शिरणारच नाही. स्लीव्ह बसवायची गोष्ट दूरच. कोलेटच्या मागच्या आट्यांवर चढणारी ट्यूब आणखी जाड, म्हणून स्पिंडलचे छिद्र साधारण 35 मिमी तरी हवे. मोर्स 5 असेल आणि छिद्रही तेवढे असेल, तर प्रश्न सुटतो, पण तेव्हाही लिव्हर लागत नाही. जाड पाइपाची ट्यूब, पुढे इंचाला 20 आटे, मागे हँडव्हील आणि थ्रस्ट बेअरिंग. थांबवायचे, फिरवायचे, आवळायचे. झाले.

राहिला ई-आर. तो मिलिंगसाठी निघाला, हे खरे. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने 1972 मध्ये तो आणला. पण जन्म कुठे झाला यावरून कुणी काय काम करावे हे ठरत असते, तर आपल्यापैकी निम्मे लोक लेथवर उभे राहिले नसते. ई-आर 32 चा एक कोलेट 1 मिमी आकसतो, त्यामुळे 3 ते 20 मिमीचे 18 नग घेतले की 2 ते 20 मिमीपर्यंतचा कोणताही गोल बार धरता येतो. आपल्याकडे बार सुतातही मिळतो आणि मिलिमीटरमध्येही. पाच सुतांचा, म्हणजे 15.875 मिमीचा बार 16 च्या कोलेटात सुखाने बसतो. फाइव्ह-सीमध्ये त्याला वेगळा नग लागतो. ई-आरबद्दलची मुख्य तक्रार, की बार आरपार जात नाही, ती मोर्स शँकचा चक विकत घेणाऱ्यांची आहे. बॅकप्लेटवर बसणारा पोकळ चक घ्या. तक्रार उरत नाही. मात्र आखूड जॉब ई-आरमध्ये तिरका धरला जातो, तेव्हा मागे त्याच व्यासाचा तुकडा घालावा लागतो. ही उणीव मी लपवत नाही.

आणि घरी केलेली बैठक? इथे पूर्वपक्ष सर्वांत कमकुवत आहे. विकतचा चक बॅकप्लेटवर बसताना थोडीफार चूक घेऊनच बसतो. उलट बॅकप्लेट स्पिंडलवर चढवून तिथल्या तिथे बैठक पोखरली, तर ती त्या स्पिंडलशी एककेंद्री असते, कारण ती त्याच्याच भोवती जन्मली. कंपाउंड स्लाइड ई-आरसाठी 8 अंशांवर लावा. डायल चांगल्या कोलेटच्या उतारावरून फिरवा, काटा हलेनासा झाला की कोन जुळला. ई-आर 32 च्या नटाचे आटे एम 40, पिच 1.5, नट मात्र विकतचाच घ्या, त्यातले कोलेट बाहेर खेचणारे कडे घरी करण्यात शहाणपण नाही. बैठक कडक केलेली नसेल तर झिजेल, हे मान्य. झिजली की पुन्हा एक हलका कट घ्यायचा. कारखान्याला ते परवडत नाही, शेडला परवडते.

'असली अचूक साधने बाहेरूनच यायची' हा या मताखालचा न बोललेला आधार आहे. कृष्णेपलीकडे, औंध संस्थानच्या माळावर, 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला तेव्हा लोखंडी नांगरही बव्हंशी बाहेरूनच येत असे. त्याच घराण्याने 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवले. इतिहास हा रनआउटचा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण त्याच परिसरातल्या टर्नरने पाइपाला 20 आटे पाडायला बिचकावे, हे शोभत नाही.

तेव्हा निकालाआधी वाचकांनी एवढेच करावे : व्हर्निअर घेऊन स्पिंडलचे छिद्र आणि टेपर मोजावा. ज्यांचे छिद्र 35 मिमीहून मोठे आहे आणि महिन्याला शेकडो सारखे नग काढायचे आहेत, त्यांनी खुशाल माझ्या विरोधात निकाल द्यावा आणि लिव्हरचा क्लोजर शोधावा. बाकीच्यांनी शोध थांबवून बॅकप्लेट चढवावी.