आधी कोणाला? – अपघात विभागातील परिचारिकेची गोष्ट

पुणे–सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव. पंढरपूरकडे आणि कुर्डुवाडी-बार्शीकडे जाणारे रस्ते येथे फुटतात. जवळच उजनी धरण आणि त्याच्या पाण्यावरचा ऊस. त्यामुळे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आषाढीला दिंड्या आणि बारा महिने मालमोटारी अशी येथली वर्दळ. सोलापूर येथून सुमारे पाऊणशे किलोमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गेले तरी सव्वा तास लागणार. गंभीर जखमी माणसाच्या दृष्टीने पहिला तास फार मोलाचा असतो असे म्हणतात. तो तर वाटेतच संपतो! म्हणूनच अशा ठिकाणी जखमीला सर्वांत आधी कोण पाहते आणि पाहून त्याला काय उमगते, याला महत्त्व येते. रुग्णालयाच्या दारात ही पहिली व्यक्ती बहुधा परिचारिका असते.

आधी कोणाला तपासायचे, हा प्रश्न जुना आहे. पूर्वी युद्धात आधी अधिकाऱ्यांवर उपचार होत, मग शिपायांवर. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे यांनी हा क्रम मोडला. ज्याची जखम जास्त धोक्याची, त्याला आधी हात लावायचा. त्याचा हुद्दा पाहायचा नाही, असा नियम त्यांनी घातला. या निवडीला पुढे ‘ट्राएज’ हे नाव पडले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आपण धान्य निवडतो तसे निवडणे, वेगळे करणे.

पण निवडायचे कशावरून? जो मोठ्याने ओरडतो त्याचीच स्थिती गंभीर असते असे नाही. येथे मोजमापाची गरज पडते. जर्मनीतील वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदी १८६८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या काळचा तापमापक सुमारे फूटभर लांब असे आणि तो बराच वेळ लावून ठेवावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑलबट यांनी आखूड तापमापक तयार केला. १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडावर बांधायचा रक्तदाबमापक आणला, तर १९०५ मध्ये रशियातील कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने ऐकून रक्तदाब मोजण्याची रीत दाखवली. सुरुवातीला ही सारी डॉक्टरांची साधने होती. हळूहळू ती परिचारिकांच्या हातात आली, कारण पुन्हा पुन्हा मोजायला रुग्णाजवळ त्याच असत.

पण आकडा घेणे वेगळे आणि त्याचा अर्थ लावणे वेगळे. एक उदाहरण पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. पोटाला मार लागून त्यातले लिटरभर आतल्या आत वाहून गेले, तरी रक्तदाब काही काळ ठीकच दिसू शकतो. कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदय जलद धडधडू लागते. नाडी जलद, हातपाय गार, त्वचा घामेजलेली, माणूस बेचैन, ही खरी धोक्याची सूचना. केवळ रक्तदाब लिहून पुढे जाणारी व्यक्ती येथे फसेल. शरीरक्रिया समजलेली परिचारिका तेथेच थांबेल आणि डॉक्टरांना हाक मारील.

हाक मारून डॉक्टर येईपर्यंत काय? या प्रश्नाचे उत्तर हृदयविकाराच्या खास कक्षांनी दिले. असे कक्ष १९६०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. तेथे पडद्यावर हृदयाचे ठोके सतत दिसत. पण नुसती यंत्रे आणून मृत्यू फारसे कमी होईनात. बिघडलेली लय काही मिनिटांतच जीव घेते, आणि तेवढ्यात डॉक्टर पोचतीलच असे नाही. मग परिचारिकांना लय ओळखण्याचे आणि विजेचा धक्का देण्याचे शिक्षण दिले गेले, आणि त्याचबरोबर तसे करण्याचा अधिकारही. न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल यांनी १९६७ मध्ये २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेला न गेलेल्या रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांपर्यंत उतरले होते. यंत्रे तीच, बदलला होता तो प्रामुख्याने निर्णय घेणारा हात.

१९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजण्याची पट्टी दिली. डोळे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. यासाठी उपकरण काहीच लागत नाही. मोठ्या शहरातील रुग्णालय आणि टेंभुर्णीसारखे गाव येथे एकाच पातळीवर येतात. गावातून ‘गुण १३ वरून ९ वर आले’ एवढे कळवले, तरी सोलापूरच्या डॉक्टरला तयारीला लागता येते.

आपल्या भागात परिचारिकांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि शतक संपण्याच्या सुमारास तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातही जखमी आणले गेले. अशा वेळी लारे यांचा नियमही अपुरा पडतो. वाचण्याची आशा उरलेली नाही अशाला मागे ठेवून ज्याला वाचवता येईल त्याच्याकडे वळावे लागते. हा निर्णय ज्याला घ्यावा लागतो, त्याला तो पुढे बरेच दिवस सोसावाही लागतो. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका धावू लागल्या आणि रुग्ण लवकर पोचू लागला. त्यामुळे दारात उभ्या असलेल्या परिचारिकेचे काम कमी झाले नाही, उलट वाढले.

आता शाळेकडे वळू. वर्गातील एखादी मुलगी, किंवा मुलगा, ‘मला नर्स व्हायचंय’ म्हणतो, तेव्हा आपण सेवाभावाचे कौतुक करतो आणि बहुधा तेथेच थांबतो. सेवाभाव हवाच, पण तेवढ्यावर तीस वर्षांची नोकरी निभत नाही. रात्रपाळ्या, अपुरे मनुष्यबळ, नातेवाइकांचा संताप हे सारे या विभागात आहेच. त्यातूनही जे टिकतात, त्यांचे समाधान कशात असते? आपल्याला काही कळते, आणि त्या कळण्याला मान आहे, यात. त्यामुळे अनुभवी परिचारिकेची अपघात विभागातून दुसरीकडे बदली झाली, की तिने वर्षानुवर्षे कमावलेली नजरही त्या विभागातून जाते. रुग्णालयांनी याचा विचार करायला हवा.

विद्यार्थ्यांना मार्गही सांगावेत. बारावीनंतर तीन वर्षांची पदविका किंवा, विज्ञान शाखा असेल तर, चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग पदवी घेता येते. त्यानंतर आपत्कालीन व आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा खास अभ्यासक्रम आहे. आणि तयारी आठवीपासूनच करता येईल. मुलांना एकमेकांची नाडी मोजू द्या. आधी बसून, मग जिना चढून, मग दर मिनिटाला, ती पूर्ववत होईपर्यंत. आलेख काढा. नंतर विचारा, न धावताच एखाद्याची नाडी १२० असेल तर काय काय शक्यता आहेत? जी मुलगी आलेख सुबक काढून थांबणार नाही, हा प्रश्न घरी घेऊन जाईल, तिला हे काम आवडण्याचा संभव मोठा आहे.