फ्रेंचचा पहिला धडा आणि खान्देशातील मूल : विरंगुळ्याच्या वाक्यांचा व्याकरणेतिहास

परभाषेच्या अध्ययनाचा आरंभ कोणत्या वाक्याने व्हावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अध्यापकाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मागे बराच इतिहास आहे. फ्रेंच भाषेच्या आजच्या आरंभीच्या पाठ्यपुस्तकांत मुलाला फार लवकर एक लेखन करावयास सांगतात : ‘फावल्या वेळात तू काय करतोस, ते पाच-सहा वाक्यांत लिही.’ मूल खेळाविषयी, वाद्याविषयी, फिरण्यापोहण्याविषयी लिहिते. आणि तेवढ्यासाठी जे व्याकरण लागते, तेच बव्हंशी फ्रेंचचे प्राथमिक व्याकरण होय. क्रियापदांचा वर्तमानकाळ, नामापूर्वी येणारे उपपद, ‘आ’ व ‘द’ ही दोन शब्दयोगी अव्यये, आणि जाणे, करणे, आवडणे या अर्थांची तीन क्रियापदे एवढी ही सामग्री आहे.

या विषयाची व या व्याकरणाची सांगड कशी पडली, आणि जळगाव-धुळे परिसरातील अहिराणी बोलणाऱ्या मुलाने हा धडा हाती घेतल्यास त्याची घरची भाषा त्याच्या कितपत उपयोगी पडेल, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. फ्रेंच शब्द उच्चारानुसार नागरीत दिले आहेत. त्यांतील ‘झ’ तालव्य समजावा, आणि दंत्य घर्षकासाठी ‘ज़’ हे चिन्ह योजिले आहे.

१

मराठी घरांत फ्रेंच भाषेचा प्रवेश विरंगुळ्यासाठी झाला नाही. याचे एक सुपरिचित उदाहरण विनोबा भावे यांचे आहे. बडोद्यास हायस्कुलात असताना इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा निवडण्याचा प्रसंग आला, तेव्हा वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी फ्रेंच घेतली. आईला मात्र मुलाने संस्कृत शिकावे असे वाटे. म्हणून संस्कृताचा अभ्यास घरी झाला. एकाच मुलाच्या बाबतीत शाळेची भाषा एक, घरच्या श्रद्धेची भाषा दुसरी आणि बोलण्याची भाषा तिसरी, अशी ही विभागणी होती. पुढे १९३२ साली हेच विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी त्यांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली, ती मराठीत. आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ज्याने दोन अभिजात व्याकरणे पचविली होती, त्याने बंदिवासातील सुटीच्या दिवशी सोबत्यांशी बोलताना साधी बोलभाषा निवडली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी परभाषा शिकविण्याची रूढ रीत म्हणजे नियम, रूपावली आणि भाषांतर ही होय. या रीतीचा अपुरेपणा फ्रान्समध्ये एका शिक्षकाने स्वतःवर प्रयोग करून अनुभवला होता. फ्रांस्वा गुआँ हा जर्मन शिकण्यासाठी हाम्बुर्ग येथे गेला. त्याने व्याकरण पाठ केले, अनियमित क्रियापदे पाठ केली, अखेर शब्दकोशही पाठ केला. परंतु व्याख्यानास बसल्यावर त्याला एक वाक्यही उमगेना. घरी परतल्यावर त्याचे लक्ष आपल्या तीन वर्षांच्या भाच्याकडे गेले. त्या मुलास पिठाची चक्की दाखविण्यास नेले होते. घरी येताच त्याने चक्कीचा खेळ मांडला. पिशव्या भरणे, त्या वाहून नेणे, दळण ओतणे ही प्रत्येक क्रिया तो क्रमाने करी आणि तोंडाने तिचे वाक्य म्हणे. दहा महिन्यांपूर्वी जे मूल जेमतेम बोलत होते, ते खेळता खेळता वाक्यरचना आत्मसात करीत होते. या निरीक्षणावर आधारलेला गुआँचा ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९०१-०२ च्या सुमारास फ्रान्सच्या शासनाने परभाषांच्या अध्यापनासाठी प्रत्यक्ष पद्धतीचा अधिकृत पुरस्कार केला. खेळ हा व्याकरणाचा शत्रू नसून त्याचे मूळ क्षेत्र आहे, हा विचार अशा रीतीने शाळेत शिरला.

२

तरीही ‘फावला वेळ’ हा स्वतंत्र लेखनविषय होण्यास समाजातही पालट व्हावा लागला. ज्याला फावला वेळच नाही, त्याने त्याविषयी लिहावे काय? फ्रान्समध्ये जून १९३६ मध्ये कामगारांना वर्षाकाठी पंधरा दिवसांची भरपगारी रजा व चाळीस तासांचा आठवडा यांचे कायदे झाले, आणि क्रीडा व विरंगुळा यांच्या संघटनेसाठी लेओ लाग्रांज यांची उपमंत्री म्हणून नेमणूक झाली. विरंगुळा हा सर्वांच्या हक्काचा विषय ठरला. त्यानंतर युरोपीय परिषदेच्या पुढाकाराने १९७६ साली फ्रेंचच्या किमान पातळीचे वर्णन तयार झाले, आणि २००१ साली भाषाध्ययनाची समान चौकट प्रसिद्ध झाली. तिच्यातील विषयांच्या यादीत घर, प्रवास, खरेदी यांच्या शेजारी फावला वेळ व करमणूक यांस स्थान मिळाले.

विरंगुळ्यासाठी फ्रेंचमध्ये ‘ल्वाज़ीर’ हा शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘लिकेरे’, म्हणजे ‘मुभा असणे’. आपला ‘सुटी’ हा शब्द ‘सुटणे’ यापासून आला आहे. एका भाषेने मोकळ्या वेळेकडे परवानगी म्हणून पाहिले, दुसरीने बंधन सुटणे म्हणून. दोन्ही शब्दांत बांधून ठेवणारा कोणीतरी गृहीत धरलेला आहे, हे मात्र समान आहे.

३

आता प्रत्यक्ष व्याकरणाकडे वळू. खेळासाठी फ्रेंचमध्ये ‘झुए’ हे क्रियापद आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘थट्टा करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. वाद्य वाजविण्यासही हेच क्रियापद चालते. भेद दाखविला जातो तो अव्ययाने : खेळापूर्वी ‘आ’, वाद्यापूर्वी ‘द’. मराठी मुलाला हा भेद कृत्रिम वाटतो, कारण मराठीने तो क्रियापदातच केला आहे. चेंडू आपण खेळतो, पावा वाजवितो. येथे ‘द’ का, याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘द’ हे अव्यय साधनाचाही अर्थ दाखवीत असे. ‘पाव्याने खेळणे’ असा मूळ आशय धरला म्हणजे नियम पाठ करावा लागत नाही, तो समजतो.

या दोन अव्ययांचा पुल्लिंगी उपपद ‘ल’ याच्याशी संयोग होऊन ‘ओ’ व ‘द्यू’ ही रूपे होतात. स्त्रीलिंगी ‘ला’ मात्र तसेच राहते. व्यंजनापूर्वी येणाऱ्या ‘ल्’चा स्वर झाला, आणि दोन शब्दांचा एक झाला. ‘घर’ आणि ‘आंत’ मिळून ‘घरात’ झाले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या जोडरूपांचे आश्चर्य वाटू नये.

अहिराणी मुलाजवळ येथे आणखी एक आधार आहे. ‘पोऱ्या गावले जास’ यातील ‘ले’ व ‘मामाना गाव’ यातील ‘ना’ हे दोन प्रत्यय तो दिवसातून शंभर वेळा वापरतो. ‘गावी जाणे’ या अर्थी फ्रेंचमध्ये जेथे ‘आ’ येते, तेथे त्याचे ‘ले’ असते. ‘मामाचे गाव’ या अर्थी जेथे ‘द’ येते, तेथे त्याचे ‘ना’ असते. साम्य अर्थात अपुरे आहे. ‘ना-नी-नं’ हा प्रत्यय ज्याची मालकी सांगावयाची त्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. फ्रेंचमधील ‘द्यू’ व ‘द ला’ ही रूपे मालकाच्या नामाचे लिंग पाहून ठरतात. परंतु साम्य कोठवर जाते व कोठे तुटते, हे पाहणे म्हणजेच व्याकरण शिकणे नव्हे काय?

‘करणे’ या अर्थाचे ‘फॅर’ हे क्रियापद फ्रेंचमध्ये विरंगुळ्याचा मोठा भार वाहते. पोहणे, सायकल चालविणे, फेरफटका, झोका या सर्वांसाठी ‘फॅर’ चालते. याउलट मराठीची श्रीमंती पाहावी. आपण पतंग उडवितो, फुगडी घालतो, झोका घेतो, चित्र काढतो, गप्पा मारतो, गाणे म्हणतो. प्रत्येक विरंगुळ्याला त्याचे वेगळे क्रियापद आहे. म्हणून मराठी मूल शब्दकोशात ‘मारणे’ व ‘घालणे’ शोधू लागते आणि विचित्र फ्रेंच लिहिते. हा अज्ञानाचा दोष नाही. एका भाषेतील नेमकेपणा दुसरीत नेण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे.

उलट ‘जाणे’ या क्रियापदात दोन्ही भाषांचा स्वभाव जुळतो. ‘मी जातो’ हे फ्रेंचमध्ये ‘झ वे’, ‘आम्ही जातो’ हे ‘नूज़ालों’ आणि ‘मी जाईन’ हे ‘झिरे’. एका क्रियापदात वेगवेगळ्या धातूंची रूपे एकत्र आली आहेत. विद्यार्थ्याला हा छळ वाटतो. पण त्याच्याच भाषेत ‘जातो’ हे रूप ‘या’ धातूपासून व ‘गेला’ हे ‘गम्’ धातूपासून आले आहे, आणि त्याचा त्याला कधी त्रास झाला नाही. ज्या धुळ्यात राजवाड्यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे धातूंच्या शोधात घालविली, तेथील मुलास ही गोष्ट सांगावयास तरी संकोच नसावा.

४

सर्वांत सूक्ष्म भेद ‘आवडणे’ या क्रियेत आहे. पहिल्या धड्यात ‘झेम’ हे रूप शिकवितात. त्यात आवडणारा मनुष्य कर्ता असतो. मराठीत ‘मला आवडते’, अहिराणीत ‘माले आवडस’. आवडणारी वस्तू कर्ता, आणि मनुष्य चतुर्थीत. ‘मला करमत नाही’ या वाक्याला तर कर्ताच सापडत नाही. अशा वेळी शिक्षक बहुधा सांगतो की, तुमची रचना विसरा. वास्तविक फ्रेंचमध्ये ‘प्लॅर’ हे क्रियापद आहे, आणि ‘सा म प्ले’ या वाक्यात ‘म’ म्हणजे तंतोतंत ‘माले’. ‘झेम’च्या शेजारी पहिल्याच आठवड्यात ‘सा म प्ले’ ठेवले, तर आपल्या घरची वाक्यरचना जगात एकटी नाही, हे मुलाला कळते.

ही गोष्ट किरकोळ नाही. प्रस्तुत लेखकाच्या शालेय वयात आखाजीच्या सणावर निबंध लिहावयाचा होता. माहेरी आलेल्या मुली, निंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी हे सर्व डोळ्यांपुढे होते. लिहिता लिहिता एके ठिकाणी ‘माले’ हा शब्द आला. तो तांबड्या शाईने खोडला गेला, आणि समासात ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा मिळाला. पुढच्या खेपेस ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर मार्गदर्शिकेतील निबंध उतरवून काढला. त्यास उत्तम गुण मिळाले. आपला आनंद लिहिण्याजोगा नसतो, हा धडा त्यातून मिळाला, आणि तो पुसण्यास बरीच वर्षे लागली.

याच खान्देशात वेगळी परंपराही होती. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. मुलांचे दैनंदिन जीवन हा लेखनाचा विषय आहे, हे त्यात गृहीतच होते. अहिराणीच्या व्याकरणाची नोंदही नवी नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०७ सालच्या खंडात खान्देशीचे वर्णन आले आहे. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, आणि १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. फ्रेंच माणसाने आपल्या भाषेचे व्याकरण इतक्या आस्थेने पाहिले. मग आपल्याच मुलाला ‘तुझ्या बोलीला व्याकरण नाही’ असे सांगण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

येथे फ्रान्सचा इतिहास अनुकरणापेक्षा सावधगिरीसाठी वाचावा. १५३९ साली राजाज्ञेने फ्रेंच ही न्यायदरबाराची भाषा झाली. १७९४ साली आबे ग्रेग्वार यांनी प्रांतिक बोली नष्ट करण्याची आवश्यकता व तिचे उपाय यांवर अहवाल मांडला. आणि पुढील शतकात शाळेत बोली बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. जी प्रमाण फ्रेंच आज आपण शिकतो, तिच्या सुबकतेची किंमत अशी अनेक घरांनी मोजली आहे. तो मोबदला येथे पुन्हा वसूल करण्याचे कारण नाही.

सारांश, फावल्या वेळावरील पहिले लेखन हे केवळ सोपे म्हणून निवडलेले नाही. मुलाच्या स्वतःच्या जीवनाला वाक्यात आणण्याचा तो ऐतिहासिक हक्क आहे. जळगाव-धुळ्यातील अध्यापकाने तो पुरा करावयाचा असेल, तर साधी गोष्ट करावी. वहीच्या पानावर तीन रकाने आखावे : अहिराणी वा लेवा गणबोली, प्रमाण मराठी, फ्रेंच. पहिल्या रकान्यात मुलाने आखाजीच्या झोक्याविषयी आपल्या घरच्या शब्दांत लिहावे. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांत ‘ले’चे, ‘ना’चे व ‘माले’चे काय होते, ते त्याने स्वतः शोधावे. तिसऱ्या रकान्यात चुका होतील. त्या अवश्य सुधाराव्या. पहिल्या रकान्यावर तांबडी शाई पडू नये, एवढे पाहिले तरी पुरे आहे.