मौजे सावेडी



पेठेतले आमचे जुने घर विकायचे ठरले आहे. कागदांची पेटी माझ्याकडे असते. सून बी.कॉम. आहे म्हणून सासऱ्यांनी ती लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या हवाली केली होती. परवा दोन्ही घरांचे कागद शेजारी शेजारी मांडून बसले. पेठेतल्या घराला सिटी सर्व्हे नंबर, आणि चतुःसीमेत शेजारच्याची भिंत, बोळ, सार्वजनिक रस्ता. आम्ही 1986 साली घेतलेल्या प्लॉटच्या कागदावर मात्र 'मौजे सावेडी', आणि चतुःसीमेत पूर्वेस शेत, उत्तरेस शेत. आज त्या पूर्वेच्या शेतात चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलची दोन दुकाने.

आपल्या नगरची एक गंमत आहे. (जिल्ह्याचे आणि शहराचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते, माफ करा.) इथे उपनगर शहरापेक्षा जुने आहे. 28 मे 1490 रोजी अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला तो भिंगारजवळ. शहर वसवायला सुरुवात झाली ती त्यानंतर, 1494 मध्ये, सीना नदीच्या काठी. म्हणजे भिंगार आधी आणि नगर मागून. शहराभोवती तट उभा राहिला तो पुढे हुसेन निजामशहाच्या काळात. त्याला जे दरवाजे होते त्यातले दिल्लीगेट आणि माळीवाड्याची वेस अजून उभी आहे. झेंडीगेट, नेप्ती, सर्जेपुरा ही बाकीची नावे आपण रिक्षावाल्याला सांगतो तेवढीच उरली.

तटाबाहेर पहिल्यांदा राहायला गेले ते राजेच. सावेडीतल्या ज्या पडक्या इमारतीला आपण भिस्तबाग महाल म्हणतो, तिचे मूळ नाव हश्त-बेहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग. अष्टकोनी महाल, भोवती पाणी आणि बाग. ते पाणी शेंडी आणि वडगावकडून नळाने आणलेले होते. शहरालाही कापूरवाडी, वडगाव अशा बाजूंनी जमिनीखालून खापरी नळांनी पाणी येत असे. ज्याला पाणी आणता येई त्यालाच वेशीबाहेर राहता येई. ऑगस्ट 1803 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्यांची छावणी भिंगारच्या बाजूला पसरली. 1854 मध्ये नगरपालिका आली, 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे, तीही शहराच्या बाहेरून. तरी आपली माणसे काही वेशीबाहेर गेली नाहीत. दुकान खाली, घर वर, हीच पद्धत.

त्याचे एक कारण व्यापार, आणि दुसरे स्थानक. आपले साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, अनवाणी चालतात. त्यांच्यासाठी मुद्दाम काही करायचे नाही, घरात जे झाले असेल त्यातलेच थोडे वहोरायचे. म्हणजे स्थानकापासून पायी फिरता येईल एवढ्या अंतरात बरीच घरे हवीत, नाहीतर त्यांना चातुर्मास करता येत नाही. त्यात चौविहार. दुकानातला माणूस सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी पोहोचला पाहिजे. कापडबाजारातून आमच्या बोळात यायला दोन मिनिटे लागत. जैन पेठा दाटीवाटीच्या का, असे लोक विचारतात. त्याचे निम्मे उत्तर यात आहे, असे मला वाटते.

मग 1972 चा दुष्काळ पडला आणि खेड्यातली माणसे शहराकडे आली. नागापूरला एमआयडीसी वाढली. नगर-दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना होता, तिथे लूना बनत असे. मला विचाराल तर सावेडी वसवली ती लूनाने. तीन-साडेतीन किलोमीटर सायकल मारायला नको म्हणणारा दुकानदार लूनावर तयार झाला. शेतकऱ्यांनी जमिनी बिगरशेती करून प्लॉट पाडले. काहींनी बिगरशेती न करताच गुंठ्यांनी विकल्या, त्या नियमित करायला 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. आमचा प्लॉट रीतसर होता. तो देणाऱ्याने "नळ सहा महिन्यांत येईल" असे सांगितले होते, आम्ही पाच वर्षे टँकरचे पाणी प्यायलो.

खरे म्हणजे पाणी आमच्या जवळूनच जात होते. राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून विळदमार्गे वसंत टेकडीच्या टाक्यांत येणारे पाणी शहराला मिळत होते. त्या नळावरून तर पाइपलाइन रोड हे नाव पडले. आम्ही मात्र टँकरच्या नळीला गाळणे बांधून बसायचो. एका टाकीला दोनदा गाळणे धुवायचे आणि मग पाणी उकळायचे. माझी सगळी सकाळ त्यात जाई.

सासूबाई सावेडीला आल्याच नाहीत. मोठ्या दिरांकडे पेठेतच राहिल्या. त्यांचे म्हणणे एकच, "तिथे महासतीजी येणार नाहीत. ज्या घरात पात्र पडत नाही ते घर कसलं?" मला राग यायचा. पण दारात कोणी येत नाही हे खरेच होते. सकाळी अकराच्या सुमारास माझे कान उगाचच फाटकाकडे असायचे. ह्यांचे संध्याकाळचे जेवण दुकानात डब्यात. त्यामुळे रोज दिवस मावळायच्या आत मी एकटीच जेवत होते.

28 मार्च 1992 रोजी आचार्य आनंदऋषीजींचे नगरमध्ये देवलोकगमन झाले. आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा हा पुत्र. अंत्यदर्शनाला देशभरातून माणसे आली. आम्ही सावेडीच्या बायका पहाटे पायी निघालो. मी घरातून निघाले तेव्हा एकटी होते, दिल्लीगेटला पोहोचेपर्यंत आम्ही तीस-चाळीस जणी झालो. आपल्या आसपास इतकी जैन घरे आहेत हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर तीन वर्षांनी आमच्या भागात एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर महासतीजींचा पहिला मुक्काम झाला. त्या दिवशी माझ्याकडे ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी होती. त्यांनी अर्धी भाकरी घेतली. मी ते सांगायला पेठेत गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "दुधीच का केलास?"

2003 मध्ये महानगरपालिका झाली. केडगाव, नागापूर, बोल्हेगाव सगळे हद्दीत. 2011 च्या जनगणनेत शहर साडेतीन लाखांचे झाले. आता आमच्या सावेडीलाच लोक शहर म्हणतात आणि प्लॉट बोल्हेगावच्या पुढे बघतात. तिथे टँकर जातो.

आणि पेठ रिकामी होत चालली आहे. दुकाने भरलेली असतात, पण वरचे मजले गोडाऊन. सासूबाई गेल्यावर जाऊबाई तिथे राहिल्या. दीर गेल्यावरही, एकट्या. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतला. गुडघ्यांमुळे जिना होत नाही, म्हणून त्या आता आमच्याकडे येणार आहेत. घर घेणारे कापडाचे व्यापारी आहेत, चांगली माणसे आहेत, भाव योग्य दिला. त्यांना तिथे माल ठेवायचा आहे.

गेल्या आठवड्यात पेठेत गेले तेव्हा महासतीजी गोचरीला आल्या होत्या. त्यांनी जाऊबाईंना विचारले, या बोळात आता आपली घरे किती? जाऊबाईंनी बोटांवर मोजली. आमचे धरून चार. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः एकोणीस मोजली होती.

खाली येऊन जाऊबाई मला म्हणाल्या, "चातुर्मास सुरू असताना मी एक घर कमी करणार नाही." इसारपावती झालेली, दस्ताची तारीख ठरलेली. मी घाबरतच व्यापाऱ्यांना फोन केला. त्यांना कारण सांगताना मला नीट शब्द सापडेनात. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, दिवाळीचा माल दुसरीकडे ठेवू.

दस्त आता कार्तिकी पौर्णिमेनंतर होईल.

लिहिण्यात काही चुकले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.